तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र दारात असताना मी डोंगरात का जाते

"काकू, एवढा समुद्र दारात असताना तुम्ही डोंगरात कशाला जाता?" नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हे विचारतं. तुमच्या गाड्या नागावच्या आळीत शिरत असतात आणि मी पाठीला सॅक लावून अलिबागच्या एस.टी. स्टँडकडे निघालेली असते. खोल्या भरलेल्या, स्वयंपाकघरात दोन-दोन शेगड्या पेटलेल्या आणि घरची बाई चालली कुठे? दारात उभ्याउभ्या एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

आमची वाडी सुपारी-नारळाची. सासऱ्यांनी मागच्या पडवीच्या दोन खोल्या काढल्या, त्याच्या आज पाच झाल्या. दिवाळीपासून मे संपेपर्यंत शनिवार-रविवार म्हणजे पाहुणे. सकाळी घावन, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी कुणाच्या तरी बाळासाठी मऊ भात. हे काम मला मनापासून आवडतं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याला वाढताना मला आयतं ताट शेवटचं कधी मिळालं, हे आठवेनासं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी कॉलेजात गेलेल्या लेकीनं हट्टानं पालीजवळच्या सुधागड किल्ल्यावर नेलं, तेव्हा पहिल्यांदा ते जाणवलं. तेव्हापासून आम्हा दोघी जावांचं ठरलेलं आहे. नाताळला जोडून येणारा शनिवार-रविवार माझा, 26 जानेवारीची सुट्टी तिची. ती माहेरी जाते, मी गडावर.

आम्ही चौघी असतो. मी, लेक आणि बचत गटातल्या दोघी. वडखळ, नागोठणे, वाकण फाटा करत पालीला उतरायचं, बल्लाळेश्वराला हात जोडायचे आणि पुढे पाच्छापूरच्या अंगाला ठाकूरवाडी गाठायची. पालीतून पुढे निघालं की मागे सरसगड किल्ला दिसत राहतो. त्याच्यापुढे भातशेती कापून झालेली आणि त्याच खाचरांत वालाची हिरवी वेल पसरलेली. या वालाला कुणी वेगळं पाणी देत नाही. भात निघाल्यावर जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दहिवर, एवढ्यावर तो येतो. समुद्रावरच्या माणसाला हिवाळा म्हणजे मतलई वारा आणि जाळ्यात येणारं म्हावरं. इथे हिवाळा या वेलीवर दिसतो.

पहिली रात्र ठाकूरवाडीतल्या एका घरी. पहिल्या वर्षी तिथल्या आजींना मी पैसे विचारले तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेनं जमिनीकडे. आता आकडा ठरलेला आहे आणि मी त्यात कधीच घासाघीस करत नाही, कारण पाहुण्याच्या एका ताटामागे किती खपावं लागतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? शिवाय जाताना सुके बोंबील आणि जवळा नेते. सून पुडा उघडते, वास घेते आणि न बोलता फळीवर वरच्या बाजूला ठेवते.

संध्याकाळी पोपटी लावतात. पोपटी मी तुमच्यासाठीही लावते, तुमच्यातल्या अनेकांनी खाल्लीय. पण दुसऱ्याच्या हातची पोपटी बघत बसणं ही वेगळीच गोष्ट. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये चार अंडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला गच्च दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवतीनं पेंढा, काटक्या लावून जाळ करायचा. मी घड्याळ बघते. पोपटी लावणारी बाई मडक्यावर ओल्या बोटांनी शिंतोडे उडवते आणि चर्र आवाज ऐकून सांगते, झाली. दोन वर्षं मी तिचा हा आवाज कान देऊन ऐकला, तेव्हा कुठे मला कच्च्या आणि शिजलेल्या मडक्यातला फरक कळायला लागला. केळीच्या पानावर शेंगा ओतल्या की त्या पाल्याचा उग्र वास अंगणभर होतो आणि बोलणं थांबतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते.

त्या पहिल्या वर्षी रात्री मला थंडी वाजली. किनाऱ्यावर थंडी असते, पण समुद्र तिला फार खाली उतरू देत नाही. इथे कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली गार जमीन आणि कुडाच्या फटींतून येणारा वारा. अंगावर एक वाकळ होती. दुसरी मागावी असं दहादा मनात आलं. पण घरात सगळे निजलेले, वाकळी किती आहेत ठाऊक नाही, मागितली तर कुणाच्या तरी अंगावरची काढून देतील, म्हणून गप्प राहिले. गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. मध्यरात्रीनंतर कधीतरी पावलं वाजली. आजी आल्या, काही न विचारता माझ्यावर आणखी एक वाकळ टाकली, पायाकडची बाजू आत खोचली आणि गेल्या. मी डोळे मिटूनच होते. डोळे उघडले असते तर रडले असते.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा आमच्या पाचही खोल्यांत जाऊन बसले. पलंगावर, पाहुण्याच्या जागी. त्याला काय हवं असतं आणि तो काय मागत नाही, ते तिथून दिसतं. रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडत नाही. न्हाणीघरात गरम पाणी कुठल्या नळाला येतं ते कळत नाही. चहा साडेपाचला हवा असतो, पण "तुमच्या सवडीनं" म्हणतो. डिसेंबरात प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी जी दुसरी चादर तुम्हाला दिसते, न मागता ठेवलेली, ती त्या आजींची आहे.

सकाळी गड. ठाकूरवाडीतून वर जाताना लोखंडी शिडी लागते. खाली न बघता एकेक पायरी धरायची. आमच्या चालीनं अडीच तास. उंची 600 मीटरच्या आसपास, पण चढ अंगावर येतो. मात्र वर पोचलं की ऐसपैस सपाटी. तळी आहेत, भोराईचं देऊळ आहे, देवळाभोवती झिजलेल्या वीरगळी-सतीशिळा आहेत. भोराई ही भोर संस्थानाच्या पंतसचिवांची कुलदेवता, गडाचं जुनं नाव भोरपगड. पूर्वेला सह्याद्रीची कड आणि तिच्यावर तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती. हिवाळ्यातल्या सकाळी हवा धुतल्यासारखी असते, तेव्हा त्या भिंती हाताच्या अंतरावर वाटतात.

रात्र पंतसचिवांच्या वाड्यात. लाकडी खांबांचा चौसोपी वाडा, मधे अंगण, आणि सोप्यावर पथाऱ्या टाकून आमच्यासारखे वाटसरू. इथे वाढायला कुणी नसतं. आजींच्या सुनेनं बांधून दिलेल्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि उकडलेली रताळी. वाडा लाकडाचा आहे, तेव्हा सोप्यावर चूल मांडू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. एकदा एका टोळक्यानं खांबाला लागून जाळ केला होता. आम्ही चौघींनी तो विझवला आणि रात्रभर राखेवर पाणी मारत बसलो.

या गडाच्या परिसरानं फार मोठा पाहुणा सांभाळलेला आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 साली पळून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याची उतरण्याची व्यवस्था इथेच पायथ्याला झाली आणि दोघांची भेट पाच्छापूरला झाली. दिल्लीच्या शहजाद्याला कोकणातल्या गवताच्या छपराखाली दिवस काढावे लागले. इतिहासाची पुस्तकं त्यातलं राजकारण सांगतात. मला मात्र दरवेळी त्याच्यासाठी रांधणारी माणसं आठवतात. काय वाढलं असेल त्याला? न आवडलेलं तो बोलला असेल का?

तिसऱ्या दिवशी धोंडसेच्या बाजूनं उतरतो, ते महादरवाज्यासाठी. रायगडाच्या महादरवाज्यासारखीच बांधणी. दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. जमलं तर उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर थांबतो, गुडघ्यांसाठी.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा, मी ठाकूरवाडीत निरोप देईन. दिवस उजाडताच चढा, प्यायचं पाणी पुरेसं घ्या, आणि त्या घरी जेवलात तर ताट उचलायच्या आधी चुलीपाशी जाऊन "छान झालं होतं" एवढं म्हणा. रांधणारीला तिथे ऐकू येतं, हे मी चुलीच्या आतल्या बाजूनं सांगते.

ठाकूरवाडीतून निघताना आजी पदराखालून एक पिशवी काढतात. गेल्या साली निवडून, वाळवून ठेवलेले कडवे वाल. घरी आले की रात्री भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आणते, एकेक करून सोलते. परवा रात्री तुम्ही दोनदा मागून घेतलेलं बिरडं त्याच वालांचं होतं.