पहिली हाफ, आणि सोमेश्वरला उभी असलेली घरची माणसं

नाशिकच्या गंगापूर रोडवरची हाफ, म्हणजे 21.1 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन, झाली. चिप टाइम (स्टार्टची रेषा ओलांडल्यापासून मोजलेली माझी वेळ) 2:27:48. अडीच तासांच्या आत यायचं ठरवलं होतं, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटांच्या थोडं वर. जाताना 1:15:20 आणि येताना 1:12:28. एकूण वेळेपेक्षा मला या दोन आकड्यांमधल्या फरकाचा आनंद जास्त आहे, कारण पहिल्याच हाफला दुसरा अर्धा भाग वेगात गेला. सराव होताच, पण घरच्यांनी कुठे उभं राहायचं हे आम्ही पेसइतकंच (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेइतकंच) विचार करून ठरवलं होतं. म्हणून या वेळची नोंद मुख्यतः त्याबद्दल.

रूट नाशिकच्या पळणाऱ्यांना पाठ आहे. शहरातून निघायचं, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव, थोडं पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने परत. गोदावरी धरणाकडून शहराकडे येते आणि आपण जाताना नदीच्या उलट्या दिशेने पळतो. गाडीतून हा चढ जाणवतही नाही, पायांना मात्र लगेच कळतो. मधेमधे उतार लागतात, पण एकूण हिशेब जाताना चढ आणि येताना उतार असाच आहे. जाताना घड्याळाकडे बघून घाबरायचं नाही, श्वासावर पळायचं, हे रविवारच्या लाँग रनमध्येच अंगवळणी पडलं होतं.

आठवड्यातले सोपे रन गोल्फ क्लब मैदानावर केले, कधी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. मांड्यांसाठी पांडवलेणीच्या पायऱ्या: चढताना जोर लावून आणि उतरताना अगदी सावकाश, कारण गुडघ्यांना त्रास होतो तो उतरतानाच. सर्वांत लांब रन 18 किलोमीटरचा. पहिल्या हाफसाठी तेवढं पुरतं, उरलेले तीन किलोमीटर त्या दिवशीचा उत्साह काढून देतो असं जुने पळणारे सांगतात आणि मला ते पटलं. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी केलं, पण थोडे वेगातले रन चालू ठेवले. टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करणं, हे नुसतं बसून राहणं नव्हे.

या लाँग रनमध्ये एक गोष्ट सारखी दिसत होती. चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत मी ठीक असते. तिथून पुढे पाय जड होतात, खांदे वर चढतात आणि पावलं लांब पण संथ पडू लागतात. त्यामुळे घरी मी स्पष्टच सांगितलं, “मला फिनिशला टाळ्या नकोत, पंधराव्या किलोमीटरला तुम्ही हव्यात.” नवऱ्याने मोबाइलवर नकाशा उघडला. जाऊन-येऊन रूटचा मोठा फायदा असा की एकच जागा नीट निवडली तर धावणारा तिथून दोनदा जातो. सोमेश्वरच्या पुढची एक जागा ठरली. जाताना तिथे सहा किलोमीटर होतात आणि येताना पंधरा. रस्ता बंद व्हायच्या आत तिथे पोहोचायचं, गाडी आतल्या गल्लीत लावायची, आणि मी दुसऱ्यांदा गेले की सातपूरच्या बाजूने त्र्यंबक रोड धरून फिनिशला यायचं. मला उरलेल्या अंतराला चाळीस मिनिटांच्या वर लागणार होती, म्हणजे त्यांच्याकडे वेळ भरपूर होता.

मग प्रत्येकाने आपापलं काम उचललं. बाबा आदल्या दिवशी निफाडहून आले. जानेवारीत द्राक्षबाग सोडून येणं सोपं नसतं. थंडीची लाट आली की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मण्यांना तडे जातात. पहाटेची थंडी त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही. ते म्हणाले, “जुना स्वेटर घालून उभी राहा. अंग गरम झालं की काढ, पण स्टार्टला कुडकुडू नकोस. आखडलेलं शरीर लवकर दमतं.” स्टार्टला 11 अंश तापमान होतं. स्वेटर आणि हातमोजे सोमेश्वरला त्यांच्याच हातात द्यायचे ठरले.

सासूबाई निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरपर्यंत चालत गेलेल्या आहेत. पायांबद्दल त्यांचा शब्द मी कुठल्याही लेखापेक्षा वरचा मानते. बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला खोबरेल चोळायचं, नखं दोन दिवस आधी कापायची (आदल्या रात्री नाही, कोपरे हुळहुळतात), आणि पायाला न सरावलेलं काहीही त्या दिवशी घालायचं नाही. ब्लिस्टरबद्दल आपण जे वाचतो तेच हे, फक्त पायी चालून शिकलेलं. एकही फोड आला नाही.

खाण्याचंही त्यांनीच केलं. पळताना खायचं साखरेचं जेल मला सोसत नाही, पोटात ढवळतं. तासाभराच्या वर पळायचं तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला आहे. मोठ्या खजुरात 15 ग्रॅमच्या आसपास मिळतात. बिया काढून, उभे दोन भाग करून, त्यावर मिठाची चिमूट, असे तुकडे त्यांनी डबीत भरले. दोन पाउचमध्ये माझ्याकडे आणि बाकीचे लेकीकडे. बाहेरून खाणं घेतलं तर चालेल का हे आयोजकांना आधी विचारून घेतलं होतं. तुम्हीही विचारा, प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असतात.

खजूर हातात देण्याचा लेकीने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. ती नऊ वर्षांची आहे आणि तिने हे काम फार गांभीर्याने घेतलं. तुकडा बोटांच्या चिमटीत धरला तर घेताना पडतो. तळहात सपाट, अंगठा बाजूला, तुकडा मधोमध, हात कोपरातून थोडा मागे जाऊ द्यायचा आणि देणाऱ्यानेही धावणाऱ्याच्या दिशेने दोन-चार पावलं टाकायची. मग वेग न तोडता उचलता येतो.

स्पर्धेचे पहिले किलोमीटर आवरून धरण्यातच गेले. सगळा लोंढा पुढे जात असतो आणि पायही ताजे असतात. आनंदवल्लीनंतर श्वास बसला. सोमेश्वरला स्वेटर बाबांकडे टाकला, लेकीला हात केला आणि पुढे. गंगापूर गावापाशी उजाडलं होतं, शेतांवर धुकं होतं, आणि गावातले लोक शाली पांघरून रस्त्यावर येऊन पाणी देत होते. वळण घेतलं तेव्हा घड्याळ सव्वा तासाच्या थोडं पुढे होतं. ठरवल्याप्रमाणेच.

तेराव्यानंतर डावी पोटरी ओढायला लागली. चौदाव्याला खांदे वर. आणि मग मला आवाज आला, माणसं दिसायच्या आधी. सासूबाईंनी टाळ आणले होते. मला माहीत नव्हतं. हरिपाठाला वाजवतात ते पितळी टाळ, थंड हवेत लांबवर खणखणत होते, एकसारख्या ठेक्यात. माझी पावलं आपोआप त्या ठेक्यावर पडू लागली, लहान आणि भरभर. कॅडेन्स (मिनिटाला पडणारी पावलं) वाढवायचा म्हणून मी ठेका देणारं मेट्रोनोमचं ॲप वापरून पाहिलं होतं, त्याने जे झालं नाही ते टाळांनी झालं. लेकीच्या हातात पुठ्ठा: “आई, उतार आला!” खजूर तिच्या तळहातावरून उचलला, तिने “अजून सहाच!” असं ओरडून सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसती मूठ वर केली. त्यांना ओलांडून गेल्यावर शंभरेक पावलं मी रडत पळाले आणि पुढचा किलोमीटर 6:38 मध्ये गेला.

उरलेलं सांगण्यासारखं थोडंच आहे. पायांना लागलं, पण वेग टिकला. घड्याळाने 21.3 दाखवलं. रूट मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत कमी अंतराच्या रेषेवर, त्यामुळे आपल्याला थोडं जास्तच पडतं. पेस ठरवताना ते धरून चाला. फिनिशला घरचे माझ्या आधी हजर होते.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि 2016 मध्ये रिओला ऑलिम्पिक मॅरेथॉन धावली. ती याच नाशिकमध्ये सराव करून मोठी झाली हे मी लेकीला घरी येताना गाडीत सांगितलं. तिने विचारलं, तिला रस्त्यात खजूर कोण देत होतं?

रिकव्हरी: पहिले दोन दिवस फक्त चालणं, जिना उतरताना आडवं. पोटरी चौथ्या दिवशी मोकळी झाली. रविवारी गोल्फ क्लबवर पाच किलोमीटर अगदी हळू. पुढचं लक्ष्य 10 किलोमीटर तासाच्या आत. लेकीला लहान मुलांच्या 3 किलोमीटरमध्ये उतरायचं आहे आणि तिच्यासाठी धावणं-चालणं असा आळीपाळीचा सराव सुरू केला आहे. एवढ्या वयाच्या मुलांना आठवड्यात किती पळवावं याचा अनुभव असेल तर जरूर सांगा. तिच्या वेळी खजुराची डबी माझ्याकडे असेल आणि टाळ कुणाच्या हाती हे ठरलेलंच आहे.