महिनाअखेरचे ग्रिट्स आणि घरचा स्टॉक

घरभाडं भरून झालं की पुढचे काही दिवस आमच्याकडे हात आखडता असतो. अटलांटाला राहायला आल्यावर अशा दिवसांसाठी मला सॉसेज-ग्रिट्स सापडलं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. इथे दक्षिणेत त्या सकाळी लोणी घालून खातात, रात्री कोळंबीबरोबर खातात. 2002 साली जॉर्जियानं त्यांना राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान दिला. कोळंबी परवडत नाही तेव्हा स्मोक्ड सॉसेज असतंच. चौघांचं पोटभर जेवण दहा डॉलरच्या आसपास होतं.

पण नुसत्या पाण्यात शिजवलेले ग्रिट्स मिळमिळीत लागतात. खरी चव स्टॉकची, म्हणजे हाडं आणि भाज्या उकळून गाळलेल्या पाण्याची, आणि तो जवळजवळ फुकटात होतो.

आठवड्याच्या बाजारात आम्ही एक भाजलेली अख्खी कोंबडी आणतो. मांस खाऊन झालं की सांगाडा, पंखांची हाडं, कातडी सगळं पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकते. गाजराचे शेंडे, सेलरीची पानं आणि कांद्याचे उरलेसुरले तुकडेही त्याच पिशवीत जातात. रविवारी हे सगळं मोठ्या पातेल्यात घालायचं, वर गार पाणी, दोन तमालपत्रं, थोडे मिरे. उकळी येऊ लागली की आच अगदी मंद करायची. मधूनच एखादा बुडबुडा वर यावा, इतकीच. खळाखळा उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ होतो. वर आलेला फेस पळीनं काढत राहायचं. तीन तासांत घरभर वास दरवळतो. घाई असेल तर कुकरमध्ये पाऊण तासात काम होतं, पण मला पातेलंच आवडतं. मीठ मात्र अजिबात नाही, कारण कोंबडीत आणि पुढे सॉसेजमध्ये ते भरपूर असतं. गाळून, पसरट भांड्यांत लवकर गार करून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी चमचा घातला की स्टॉक जेलीसारखा थरथरतो. हाडांतलं जिलेटिन उतरल्याची ती खूण, आणि ते पाहून मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

ग्रिट्स घेताना झटपट होणारं पाकीट घेऊ नका. दगडी जात्यावर दळलेले घ्या. किंचित महाग पडतात, पण मक्याची खरी चव त्यांनाच असते. एक कप ग्रिट्स आधी पाण्यात ढवळून ठेवले की हलका कोंडा वर तरंगतो. तो चमच्यानं काढून टाकायचा आणि पाणी ओतून द्यायचं. मग जाड बुडाच्या पातेल्यात चार कप स्टॉक उकळायचा आणि एका हातानं ढवळत दुसऱ्या हातानं ग्रिट्स सोडायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पुढे मंद आचेवर झाकण ठेवून पाऊण तास. दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं, आटलं की गरम पाणी घालायचं. दाणा दाताखाली कचकच लागेनासा झाला की झालं. शेवटी लोण्याचा गोळा आणि थोडं चेडर चीज.

तेवढ्यात दुसरीकडे सॉसेज. लुइझियानाचं आंदुई झणझणीत आणि फार चवदार, पण महाग; साधं स्मोक्ड सॉसेज पुरतं. त्याच्या चकत्या कोरड्या तव्यात दोन्ही बाजूंनी तांबूस करून बाजूला काढायच्या. सुटलेल्या चरबीत कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची परतायची, मग लसूण, थोडी लाल मिरची आणि चमचाभर मैदा. मैद्याचा कच्चा वास गेला की कपभर स्टॉक ओतायचा आणि तव्याच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर लाकडी चमच्यानं खरवडून घ्यायचा. रस्सा तिथेच रंगतो, आणि हा थर ज्यानं फेकला त्यानं अर्धी चव फेकली! सॉसेज परत घालून पाच मिनिटं, वर कांद्याची पात.

उरलेले ग्रिट्स तूप लावलेल्या ताटात थापून फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी वड्या घट्ट होतात. त्या मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर तळायच्या आणि एक बाजू पूर्ण खरपूस होईपर्यंत उलथनं लावायचं नाही, नाहीतर तुटतात. सोबत अंडं.