सोयाबीन, टॅमॉक्सिफेन आणि तो आहाराचा चार्ट

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन) सगळं सोलापुरातच झालं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉक्टर, सिस्टर, लिफ्टवाले मामा, सगळी देवमाणसं. मला लिहायचंय ते आहाराच्या चार्टाबद्दल, कारण तो आठवला की अजून डोकं तापतं.

माझा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर. त्या हार्मोनला गाठीत अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली, तेव्हा आहार विभागाच्या खिडकीतून एक कागद हातात पडला. झेरॉक्सचा झेरॉक्स, निम्म्या मात्रा उडालेल्या. तळाला ठळक अक्षरांत: ‘सोयाबीन व सोयाचे सर्व पदार्थ पूर्ण बंद’. पेनाने वर भलीमोठी फुली.

आम्ही लिंगायत. घरात अंडंही येत नाही. सासर बार्शीकडचं, खरिपाला रानात सोयाबीनच. ते भाजून गव्हात दळायचं, आठवड्यातून दोनदा सोयावडीचा रस्सा, हे आमचं नेहमीचं. 100 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. किमोत वजन उतरलेलं, ‘प्रोटीन वाढवा’ असं याच विभागाने बजावलेलं. आता शेंगाचटणी खाऊन किती वाढवणार? त्यात सासूबाईंनी सोयातेलाचा डबासुद्धा उचलून शेजारी देऊन टाकला. (रिफाइंड सोयातेलात ज्या घटकाची सगळ्यांना भीती, ते आयसोफ्लेवोन, म्हणजे सोयातले हार्मोनसारखे घटक, जवळजवळ नसतातच. हे मला फार उशिरा कळलं. डबा गेला तो गेलाच.)

मी खिडकीवर विचारलं, का बंद?

“हार्मोनचा कॅन्सर हाय न्हवं मावशी, सोयात हार्मोन असतंय.”

किती असतंय? कायमचं बंद की गोळ्या चालू आहेत तोवर? “ते डॉक्टरांना विचारा.” डॉक्टरांच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत दुपार झाली. ते म्हणाले, आहाराचं आहारतज्ज्ञांना विचारा. खाली आले तर खिडकी बंद. पुढच्या खेपेला मॅडम कॅम्पला गेलेल्या. त्यानंतर भेटल्या त्या दुसऱ्याच मॅडम. त्यांनी माझ्याच हातातला चार्ट घेतला, मलाच मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाल्या, “लिहिलंय की इथं!”

त्याच चार्टावर चार ओळी वर ‘प्रोटीन पावडर, दोन चमचे दुधातून’ असंही लिहिलं होतं. सांगितलेला डबा मी घेतला होता. त्याच्या मागे घटकांच्या यादीत दुसऱ्याच नंबरला ‘सोया प्रोटीन आयसोलेट’. तो डबा पिशवीतून काढून मी टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा लावून बघितला. उत्तर मिळालं, “हे चालतंय. हे मेडिकलमधलं आहे.”

मे महिन्यातलं सोलापूर, त्यात टॅमॉक्सिफेनने अंगातून निघणाऱ्या वाफा, आणि हे उत्तर! ज्या जिल्ह्यात, आमच्या बार्शीत, 1987 पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली तशी पहिलीच, तिथे एका बाईला रस्सा खाऊ का, एवढं कुणी सांगू नये?

शेवटी सांगितलं ते शेक विभागातल्या एका तरुण डॉक्टरणीने, तेही उभ्या उभ्या. भीती आली ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्या गाठीच्या पेशी सोडल्या, त्यांना जेनिस्टीन हे सोयातलं एक आयसोफ्लेवोन दिलं आणि गाठी वाढल्या. पण उंदराचं शरीर ते वेगळ्या तऱ्हेने पचवतं. सोयातले हे घटक इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण फार दुबळे, आणि काही ठिकाणी तर खऱ्या इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतात. माणसांचं म्हणाल तर शांघायमध्ये कॅन्सर होऊन गेलेल्या 5042 बायकांची पाहणी 2009 साली छापून आली. जास्त सोया खाणाऱ्यांत कॅन्सर उलटणं आणि मृत्यू, दोन्ही कमी दिसले. ईआर पॉझिटिव्ह असोत की निगेटिव्ह, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या असोत की नसोत. 2012 साली अमेरिका आणि चीनमधल्या साडेनऊ हजार बायकांची माहिती एकत्र तपासली, तिथेही धोका वाढलेला दिसला नाही. “म्हणून सोया हे औषध आहे असं समजू नका हं,” त्या म्हणाल्या. “ही नुसती पाहणी आहे. पण जेवणात दिवसाला एक-दोन वाट्या खुशाल खा.”

मी तिथेच केसपेपर पुढे केला आणि लिहूनच घेतलं. तुम्हीही लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी कुणी मानत नाही. सासूबाईंनी त्या कागदावरचा शिक्का बघितला तेव्हा कुठे पातेलं चुलीवर चढलं.

केसपेपरवर त्यांनी दुसरी ओळही लिहिली, ती जास्त महत्त्वाची: आयसोफ्लेवोनच्या गोळ्या, कॅप्सूल नकोत. माझ्या जाऊबाई त्या वाफांवर घेतात, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून मलाही देत होत्या. एका गोळीत तो अर्क एवढा दाटलेला असतो की ताटातल्या वाटीचा हिशेब तिथे लागू होत नाही. पावडरीबद्दलही त्या म्हणाल्या, डब्यापेक्षा डाळ, ताक, वड्या बऱ्या. डबा मी बंद केला.

सोयाबीन कच्चं दळू नका, भाजूनच दळा, नाहीतर पचत नाही. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. ज्वारीत घातलं तर आमच्याकडे भाकरी थापताना चिरते, म्हणून गव्हातच.

आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांत चारेक तास जाऊ द्या, सोयामुळे ती नीट लागत नाही. मी गोळी पहाटे घेते, वड्या रात्री.