लंडनमधील स्वयंपाकघराचे बिल

लंडनमध्ये स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचे ठरले, की पहिला आकडा दिसतो तो दुकानातल्या फलकावर, आणि त्या आकड्यावर विसंबून कोणी अंदाजपत्रक आखू नये. येथील मोठ्या दुकानांत किंमत सांगण्याची रूढ पद्धत अशी, की आठ कपाटांचा एक नमुना गृहीत धरायचा आणि त्याच कपाटांची किंमत मोठ्या अक्षरांत लावायची. त्यात ओट्याचा दगड नसतो, सिंक आणि नळ नसतात, शेगडी, ओव्हन, डिशवॉशर यांपैकी काहीच नसते आणि बसवणाऱ्याची मजुरी तर नसतेच. कपाटांच्या उघड्या बाजू झाकणाऱ्या फळ्या, जमिनीलगतची पट्टी, भिंत आणि कपाट यांमधली फट बुजवणारे तुकडे आणि मुठी हे सगळे पुढे एकेक करून यादीत चढते. सूट मात्र वर्षभर कुठल्या ना कुठल्या निमित्ताने चालूच असते, त्यामुळे सूट वजा जाता उरलेली रक्कम हीच खरी किंमत समजावी, हे बरे.

आमचा फ्लॅट व्हिक्टोरियन काळातल्या एका घराचे भाग पाडून केलेला, पहिल्या मजल्यावरचा आहे आणि स्वयंपाकघर लहानच आहे. तरीही एकूण खर्च २१,४०० पौंडांवर गेला, म्हणजे त्या वेळच्या दराने २४ लाख रुपयांच्या पुढे. यांपैकी दुकानातून आलेल्या वस्तूंचे ११,२०० पौंड झाले: कपाटे आणि फळ्या ५,५००, उपकरणे २,८०० आणि क्वार्ट्झचा दगड २,९००. उरलेले १०,२०० पौंड मजुरी, परवानग्या आणि राडारोडा यांवर गेले. आपल्याकडे मॉड्युलर किचन करताना चर्चा होते ती प्लायवूडची प्रत, लॅमिनेट आणि ट्रॉल्यांच्या कंपनीची, कारण पैसा तिथे जातो. लंडनमध्ये जवळजवळ निम्मा पैसा माणसांच्या वेळेचा आणि त्यांच्या सहीचा असतो.

सहीचा हा भाग नीट समजून घेण्याजोगा आहे. गॅसच्या जोडणीला हात लावणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेलाच असावा लागतो. २००९ मध्ये ही नोंदवही आधीच्या ‘कॉर्गी’च्या जागी आली. आम्ही गॅसची शेगडी काढून इंडक्शन घेतले, तरी जुनी नळी बंद करायला असाच नोंदणीकृत माणूस बोलवावा लागला. विजेच्या कामाला इमारत नियमांतला ‘पार्ट पी’ हा भाग लागू होतो. नवे सर्किट टाकले किंवा घरातला मुख्य फ्यूजबोर्ड बदलला, तर ते काम पालिकेला कळवावे लागते किंवा अधिकृत योजनेत नोंदलेल्या इलेक्ट्रिशियनने स्वतः प्रमाणित करावे लागते. इंडक्शनसाठी वेगळे सर्किट हवे होते आणि जुन्या प्लास्टिकच्या बोर्डात जागा नव्हती. घरात नवा बोर्ड बसवायचा तर त्याचे आवरण न जळणारे, म्हणजे व्यवहारात धातूचे असावे, असा येथील वायरिंगच्या मानकाचा २०१६ पासूनचा दंडक आहे. एका शेगडीपायी विजेचे बिल १,९०० पौंडांवर गेले ते असे.

प्रमाणपत्र नसले तर दुसऱ्या दिवशी कोणी दारात येऊन विचारत नाही, हेही खरे आहे. ते विचारले जाते घर विकताना. विक्रीच्या वेळी मालकाला भरून द्यावा लागणारा माहितीचा एक नमुना असतो, आणि १ जानेवारी २००५ नंतर घरात विजेचे काम झाले आहे का, असा थेट प्रश्न त्यात असतो. झाले असेल तर खरेदीदाराचा वकील कागद मागतो. म्हणून स्वस्तात काम करून देतो, कागदाचे मात्र बोलू नका, असे सांगणारा कारागीर प्रत्यक्षात स्वस्त पडत नाही.

फ्लॅट ‘लीजहोल्ड’, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेला असेल, आणि लंडनमधले बहुतेक फ्लॅट तसेच असतात, तर जमिनीच्या आणि इमारतीच्या मालकाची लेखी संमती हा वेगळा अध्याय आहे. भाडेपट्ट्याच्या करारात काय लिहिले आहे यावर सगळे अवलंबून असते. जुनी कपाटे काढून त्याच जागी नवी लावायला सहसा अडचण येत नाही, परंतु भिंत पाडायची, नळाचे किंवा सांडपाण्याचे मार्ग हलवायचे, बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचे म्हटले, की परवान्याचा प्रश्न येतो. या परवान्यासाठी मालकाचा सर्व्हेअर आणि मालकाचा वकील या दोघांची फी आपणच भरायची. आमचे १,१०० पौंड यात गेले, आणि ज्या भोकासाठी ते भरले त्याचा व्यास जेमतेम १५ सेंटिमीटर आहे.

ते भोक चिमणीचे आहे. येथे अनेक फ्लॅटमधल्या चिमण्या धूर बाहेर टाकतच नाहीत. कोळशाच्या जाळीतून हवा फिरवून पुन्हा खोलीतच सोडतात. इंग्लंडच्या नियमांत शेगडीवरच्या पंख्यासाठी किमान क्षमता सेकंदाला ३० लिटर, म्हणजे ताशी १०८ घनमीटर एवढीच धरलेली आहे. आपल्याकडच्या चिमण्यांच्या जाहिरातींतले ताशी हजार-बाराशे घनमीटरचे आकडे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांना हे खेळण्यासारखे वाटेल. मोहरी-हिंगाची फोडणी आणि लाल मिरचीचा ठसका रोजचा असेल, तर बाहेर हवा टाकणाऱ्या चिमणीवर खर्च करावा आणि तो दगडाच्या प्रतीतून वाचवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फिटरकडे, म्हणजे कपाटे बसवणाऱ्या कारागिराकडे वळतो. शंभर-सव्वाशे वर्षे जुन्या घरात एकही भिंत ओळंब्यात नसते, आणि कपाटे मात्र कारखान्यातून काटकोनात येतात. आमच्या फिटरने शेवटच्या कपाटाची बाजूची फळी भिंतीला टेकवली, तेव्हा वरच्या टोकाला तिचा भिंतीशी स्पर्श होता आणि खालच्या टोकाला बोट जाईल एवढी फट होती. त्याने पेन्सिल एका लाकडी ठोकळ्याला धरून तो ठोकळा भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सरकवला, भिंतीची सगळी वळणे फळीवर उमटवली, त्या रेषेवर फळी कापली आणि रंध्याने कड साफ केली. त्या एका फळीत सकाळ गेली. मजुरीच्या ३,२०० पौंडांतले किती या कामाचे, हे बिलावर कुठेही लिहिलेले नसते.

दगडाचे वेळापत्रकही खर्चात धरावे लागते. खालची कपाटे पक्की झाल्यावरच कारागीर लेझर यंत्राने माप घेतो आणि मग दगड कापून यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर सिंक नाही, नळ नाही, आणि भांडी न्हाणीघरात घासायची. प्लंबरला त्यामुळे दोनदा यावे लागते, आणि तो दोन्ही वेळचे पैसे घेतो. दगडाऐवजी ओट्यावर लॅमिनेटचा पाट घेतला, तर तो त्याच दिवशी कापून बसतो. घाई असेल त्याने तोच घ्यावा.

बाकीच्या किरकोळ बाबी थोडक्यात. रस्त्यावर राडारोड्याची मोठी पेटी ठेवायला पालिकेचा परवाना लागतो. कारागिराची व्हॅन जुन्या डिझेलची असेल, तर ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडनमध्ये तिला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात आणि ते फिरून आपल्याच बिलात येतात. ठोकाठोकीला बहुतेक पालिका सोमवार ते शुक्रवार आठ ते सहा आणि शनिवारी एक वाजेपर्यंतच मुभा देतात, त्यामुळे रविवारी काम उरकून घेण्याची सोय नाही.

कोटेशन घेताना व्हॅटचा प्रश्न आधी विचारावा. वार्षिक उलाढाल ९०,००० पौंडांपेक्षा कमी असलेल्या कारागिराला नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे तो ३,२०० सांगतो तेव्हा ३,२००च घेतो. कंपनीने ‘३,२०० अधिक व्हॅट’ म्हटले तर ते ३,८४० होतात. फिटरमार्फत कपाटे घेण्याचाही एक मार्ग आहे. हाउडन्ससारखी कंपनी माल फक्त व्यावसायिकांना विकते, आणि दर त्या व्यावसायिकाच्या खात्यानुसार ठरतो, म्हणून दोन फिटरांकडून एकाच कपाटांचे वेगवेगळे आकडे येऊ शकतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. दुकानाची आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डाने भरलेली चांगली, कारण १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूसाठी दुकान बुडाले तरी कार्ड देणारी बँक जबाबदार राहते. फिटरचा आणि इलेक्ट्रिशियनचा शेवटचा हप्ता मात्र प्रमाणपत्राची प्रत हातात पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि तसे सुरुवातीच्याच कोटेशनवर लिहून घ्यावे.