खिडकीतून ओतलेली खीर

रविवार, रात्री उशिरा

सापडलं एकदाचं ते पुस्तक! म्हणजे हातात नाही आलंय, मोबाईलवर स्कॅन आहे, पानं तिरकी, कडेला कुणाचातरी अंगठा पण आलाय, पण तेच आहे.

मला त्यातलं आठवत होतं एवढंच की एका मुलाला रव्याची खीर अजिबात आवडत नसते, तो ती खिडकीतून ओतून देतो आणि खाली चाललेल्या माणसाच्या टोपीवर पडते. आणि काडेपेटीतला काजवा. बास. नाव नाही, लेखक नाही, कव्हर माझ्या मते पिवळं, दादाच्या मते निळं. गुगलला खीर, टोपी, खिडकी असं सगळं टाकून बघितलं तर नुसत्या खिरीच्या रेसिप्या, त्यातही निम्म्या उपवासाच्या.

एक गोष्ट मात्र पक्की होती, पुस्तक रशियन. कारण कागद जाड, चित्रं झकास आणि किंमत इतकी कमी की आई न कुरकुरता घेऊन द्यायची, असं तेव्हा दुसरं काय होतं? लोकवाङ्मय गृहाचं पुस्तक प्रदर्शन लागलं की आम्ही पोरं तिथेच पडीक. प्रगती, रादुगा ही नावं आम्हाला शेजाऱ्यांसारखी पाठ, ती मॉस्कोतली प्रकाशनं आहेत हे पुष्कळ नंतर कळलं. आता विचार केला तर अजबच वाटतं, अनिल हवालदारांसारखी माणसं तिकडे मॉस्कोत राहून मराठीत अनुवाद करत होती आणि ती पुस्तकं आमच्या गावापर्यंत येत होती. प्रचार होता म्हणतात, असेल, पण खीर सांडण्यात कसला आलाय प्रचार. मग 1991 ला सोव्हिएत युनियन हा देशच राहिला नाही, पुस्तकं यायची थांबली, आणि घरातली आमच्या एका घर बदलण्यात रद्दीत गेली. आता जुन्या पुस्तकवाल्याला रशियन आहे का विचारलं की तो इरोदोवचं फिजिक्स पुढे करतो, ते मात्र अमर आहे.

शेवटी ओळखीच्या एक बाई आहेत, पूर्वी रशियन शिकवायच्या, त्यांना फोनवर खीर आणि टोपी एवढंच सांगितलं आणि त्या हसायलाच लागल्या, अगं हा तर देनिस, तिकडे कुठल्याही पोराला विचार! म्हणजे देनिस नावाच्या मुलाच्या गोष्टी, लेखक व्हिक्टर द्रागुन्स्की. जन्म न्यूयॉर्कचा, 1913 चा, नट होता, सर्कशीत विदूषकाचं कामही केलेलं, आणि 1959 पासून या गोष्टी लिहायला लागला. देनिस हे त्याच्या खऱ्या मुलाचं नाव, तो मुलगा पुढे स्वतःच लेखक झाला. नाव कळल्यावर पुढचं सोपं होतं, ही पुस्तकं जिवापाड जपून स्कॅन करणारी मराठी मंडळी आहेत, त्यांच्यामुळे मिळालं.

आज दुपारी वाचायला घेतलं ते उठलेच नाही. खीर आहे तशीच आहे, मीठ घालून बघतो, साखर, गरम पाणी, मग काहीतरी जहाल तिखट ओततो आणि एक घास खाल्ल्यावर डोळे पांढरे! पण आईने खीर संपवलीस तर क्रेमलिन बघायला नेईन असं कबूल केलेलं असतं, तिला तो खुशाल संपवली म्हणून सांगतो आणि तेवढ्यात दारात पोलीस, सोबत खिरीने माखलेला माणूस, हे सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मला खीर आणि टोपी तेवढी राहिली, खोटं बोलणं गाळून टाकलं, सोयीस्कर.

काजवाही मिळाला. खेळण्यातला नवाकोरा डंपर देऊन काजवा घेतो म्हणून आई विचारते की असा कसा सौदा केलास, तर म्हणतो तो जिवंत आहे आणि चमकतो. लहानपणी मला हा सौदा एकदम बरोबर वाटला होता, अजूनही वाटतो.

पण एक गोष्ट अजिबातच आठवत नव्हती. देनिसला बॉक्सर व्हायचं असतं, ठोसे मारायला पंचिंग बॅग हवी असते, बाबा नाही म्हणतात आणि आई जुन्या खेळण्यांतून त्याचं अस्वल काढून देते, याला मार. तो ठोसा मारायला उभा राहतो आणि त्याला अस्वलाचे डोळे दिसतात, एक मूळचा आणि दुसरा उशीच्या अभ्र्याचं बटण लावून केलेला, आणि आठवतं की आपण याला आपल्यातली खीर भरवायचो, याला घेऊन झोपायचो. मग आईला सांगतो, मी नाही होणार बॉक्सर. रडू परत आत जावं म्हणून छताकडे बघत. हे मी आठ-नऊ वर्षांची असताना नक्की वाचलं असणार आणि मला काहीच झालं नसणार, आज मात्र चहा गार झाला माझा.

दादाला लिंक पाठवली तर आभार वगैरे राहिले बाजूला, त्याचं स्वतःचंच सुरू झालं, एक पुस्तक होतं बघ, मोठेपणी कोण होणार म्हणून मुलगा आधी वॉचमन व्हायचं ठरवतो, मग आईस्क्रीमवाला, मग चक्क कुत्रा, ते कुठलं? मला पहिल्या ओळीतच कळलं, अलेक्सांद्र रास्किन, बाबांच्या लहानपणच्या गोष्टी. सांगितलेलं नाहीये अजून. खाऊ देत त्यालाही दोन-चार दिवस डोकं.