ढिगाऱ्यातल्या विटा

आज म्युनिकचं आल्टे पिनाकोटेक पाहिलं. गेले होते चित्रांसाठी, पण कितीतरी वेळ बाहेर भिंतीसमोरच उभी होते.

लेओ फॉन क्लेंत्सेने बांधलेलं हे संग्रहालय १८३६ साली उघडलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि दक्षिणेच्या बाजूला मधोमध भलंमोठं खिंडार पडलं. इमारत पाडूनच टाकावी, अशीही चर्चा होती. ती वाचवण्यासाठी हान्स ड्योलगास्ट हटून बसला. १८९१ साली बव्हेरियातच जन्मलेला, म्युनिकला शिकवणारा वास्तुविशारद. जगभर नाव झालं नाही, पण या शहरावर त्याचे केवढे उपकार आहेत!

त्याने पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातल्या विटा वापरून ते खिंडार भरलं. गिलावा नाही, नक्षी नाही. खिडक्यांच्या कमानींची जुनी लय तेवढी राखली आणि मध्ये पोलादाचे बारीक नळखांब उभे केले. जुनं बांधकाम कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं, ते साध्या डोळ्यांनाही दिसतं. जखम लपवायची नाही, पण इमारत पुन्हा नांदती करायची, हे धाडस मला फार मोठं वाटतं. आत त्याच बाजूला त्याने दोन्हीकडून चढत जाणारा लांबलचक जिना केलाय. त्यावरून चढताना नकळत पावलं मंदावतात.

१९५७ साली संग्रहालय पुन्हा सुरू झालं.

इथे येणार असाल तर आधी दक्षिणेच्या बाजूने एक चक्कर नक्की मारा. राजवाड्यातलं युद्धात उद्ध्वस्त झालेलं आलरहायलिगन चर्चही त्यानेच सावरलंय. उद्या तिकडे जाणार आहे.