टिकटिक पिन

दुपारी साडेतीनला दार उघडलं आणि कळलं, आज वर्गसमीकरणं होत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची ही दहावीतली मुलगी एरवी वही छातीशी धरून येते. आज वही काखेत आणि छातीशी विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. डोळे लाल.

"काय गं, रडलीस की काय?"

"नाही काकू, तीनपर्यंत जागी होते. ती मेली असंच वाटलं होतं मला!"

ती म्हणजे कादंबरीची नायिका. मीठ विकणाऱ्याची पोर. तिला वाऱ्याला हाक मारता येते. पण एक हाक मारली की एक रंग डोळ्यांतून कायमचा जातो. पहिल्या हाकेला हिरवा गेला. वहीच्या मागच्या पानावर तिने मला नकाशाही काढून दाखवला. डोंगर, खाडी, मिठागरं, आणि राजधानीच्या जागी करकटकाने पाडलेलं भोक.

"राजपुत्र वगैरे आहे का?" मी आपलं विचारलं.

"आहे ना. पण कामाचा नाहीये. त्याला दोनदा तीच सोडवते."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला माझ्या मावसबहिणीची दया आली. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी मोठी माणसं आडवी झाली की आम्ही राजा-राणी खेळायचो. राणी कायम तीच, कारण गोरी आणि केस लांब. मी काळी, हडकुळी, म्हणून राक्षसीण. पहिल्यांदा रडले असेन, नंतर नाही. राक्षसिणीला अख्खा वाडा मोकळा असायचा. जिन्यावरून धडधडत यायचं, चौकातल्या वाळवणावरून उडी मारायची, दात विचकायचे, भावंडांना पळवून न्हाणीघरात कोंडायचं. राणीने धान्याच्या कणगीला टेकून, आईची ओढणी डोक्यावर घेऊन वाट बघायची. एकदा वाट बघता बघता तिला झोप लागली. आमचं युद्ध झालं, राजा जिंकला, आम्ही पन्हं प्यायलो; मग कुणालातरी आठवलं की राणी राहिली. तिच्या गालावर कणगीची नक्षी उमटली होती.

तर राक्षसिणींबद्दल मला आधीपासून जरा आपलेपणा. त्यात आपण नाशिकचे. पाहुणे आले की रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन हा फेरा ठरलेला, आणि तो आजीच्या ताब्यात. तपोवनात कपिला-गोदेच्या संगमाशी पोचलो की ती शूर्पणखेची गोष्ट सांगायची. कशी नटूनथटून आली, रामाने कसं लक्ष्मणाकडे पाठवलं, त्याने परत रामाकडे. आणि मग सगळ्यांत लहान पोराचं नाक दोन बोटांत धरून, "कचकन!" त्या वयात ते नाक बहुतेक वेळा माझं असायचं.

"मग?" मी विचारायचे.

"मग काय? गावाला नाव मिळालं. चला, बस जाईल."

गावाच्या नावाची नऊ टेकड्यांचीही एक व्युत्पत्ती सांगतात, पण आमच्या घरात ती कुणी मनावर घेतली नाही. नाकापुढे टेकड्यांचं काय चालणार?

हे सगळं मी तिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती पेन्सिल चावत राहिली. या मुलांचं एक बघितलंय, जादू आहे म्हटलं की ती नुसतं 'अय्या' करत नाहीत. तिचे नियम काय, किंमत काय, कुठे संपते, असं सगळं विचारतात. गणिताचा नियम मात्र का, हे एकीनेही कधी विचारलेलं नाही.

"काकू, शूर्पणखेला रूप बदलता यायचं ना?"

"हो. पाहिजे ते."

"मग तिने नाक परत का नाही आणलं?"

तीस वर्षं शिकवण्या घेतल्यावर उत्तर येत नसलं की काय करायचं, ते मला येतं. "आधी तू उदाहरण सोडव," म्हणाले. ती सोडवायला बसली, मी आत जाऊन रामायण काढलं. तिथे तर शूर्पणखा रामाला स्वतःची ओळखच 'कामरूपिणी' अशी करून देते. म्हणजे हवं ते रूप घेणारी. आणि पुढच्याच सर्गात नाक-कान जातात ते जातात. रक्त वाहतंय तशीच किंचाळत खराकडे, आणि पुढे तिकडे लंकेत रावणाच्या दरबारात. वाटेत कुठेतरी ओहोळावर थांबून एक नवं नाक घेता आलं असतं की. नाही घेतलं. मुद्दाम? की लोखंडाने तुटलेलं जादूने जुळत नाही, असा काही नियम? आजीला हे विचारायला हवं होतं. बस चुकली असती तर चुकली असती.

बाहेर येईतो उदाहरण चुकलेलं होतं आणि ती निघालेली. पुस्तक मात्र माझ्यासाठी ठेवलं. "रविवारपर्यंत वाचा. आणि शेवट आधी वाचायचा नाही हं."

माझी ही खोड तिला कुणी सांगितली, देव जाणे. मी कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. माणसं जिवंत राहतायत ना, एवढं कळलं की बाकीचं निवांत वाचता येतं. हिने शेवटची पंधरा-वीस पानं एकत्र धरून त्यांना केसांतली निळी टिकटिक पिन लावून ठेवली होती.

साडेपाचपर्यंत मी धीर धरला. चहा झाला, कपडे काढून आणले, घड्या घातल्या. मग पिन काढली. आता ती नेमकी कितव्या पानापासून लावली होती, तेवढं बघून ठेवायला हवं होतं.